निनावी कागद

सकाळी वासंती रेगे यांनी एक निनावी कागद तपासला. कोण कधी नोकरी सोडेल हे त्यांनी मांडलेलं समीकरण आधीच सांगत असे आणि सगळी विद्यापीठं त्यावरूनच माणसं ठेवत किंवा काढत. नियमही त्यांचाच होता: नाव झाकायचं आणि दुसऱ्या तज्ज्ञाने आकडेमोड तपासून सही करायची. या माणसाची सोडून जाण्याची शक्यता ब्याण्णव टक्के निघाली. त्यांनी ‘बरोबर’ लिहून सही केली.

दुपारी त्यांचा जुना विद्यार्थी, आताचा संचालक श्रीरंग केळुसकर पाकीट घेऊन आला. अर्थशास्त्र विभागातून वासंतीबाईंना कमी केलं होतं. सोबत तोच कागद होता, आता नावासकट.

“या वयात मी कुठे पळून जाणार होते रे?”

“मॅडम, सकाळी तुम्हीच तर तपासलंत.”

“मी आकडेमोड तपासली. माहिती कुणी भरली?”

त्यांनी कागद उलटला. मागे आधार म्हणून एकच वाक्य होतं: ‘सगळं सोडून गावी जावंसं वाटतं, असं म्हणाल्या.’

हे त्या एकदाच म्हणाल्या होत्या, नवऱ्याच्या अंत्यसंस्कारानंतर, स्मशानातून परतताना. गाडी श्रीरंग चालवत होता.