‘क्ष’ची गाठ

इस्पितळाच्या साऱ्या पाट्यांची अक्षरं विभावरीने घडवलेली होती. ठळक, सरळ रेघांची, कंपासाने काढल्यासारख्या गोलाईची, कुठेही नक्षी नसलेली.

सकाळपासून ती त्यातल्याच ‘अतिदक्षता विभाग’ या पाटीसमोर बसून होती. आत तिचा नवरा होता.

डॉक्टर बाहेर आले. “ताई, आम्ही खूप प्रयत्न केले.”

विभावरी पाटीकडेच बघत होती. “‘क्ष’ची गाठ बुजलीय,” ती म्हणाली. “थोडी मोकळी ठेवायला हवी होती.”

डॉक्टर गोंधळले. शेजारी बसलेल्या लेकीने तिचा हात धरला. “आई, बाबा गेले गं.”

“हो, ऐकलं मी.”

नर्सने फॉर्म आणून दिला. विभावरीने नवऱ्याचं नाव, वय, पत्ता सावकाश लिहिला. ‘मृताशी नाते’ या रकान्यापाशी पेन थांबलं.

“इथे काय लिहायचं गं?” तिने लेकीला विचारलं.