दगडू आचरेकर

"दगडू. दगडू आचरेकर," रखमाने इस्पितळाच्या फाटकाशी पुन्हा सांगितलं. पोलीस कुणालाच आत सोडत नव्हते. वॉर्डबॉय बाहेरच नावं विचारून घेत होता. तो मान हलवून आत गेला.

छप्पनचा जानेवारी होता. आदल्या दिवशी लालबाग-परळात गोळीबार झाला होता आणि गिरगावच्या छापखान्यात कामाला गेलेला तिचा एकुलता एक मुलगा घरी परतला नव्हता.

सोबत आलेली शेजारीण बकुळा तिला कठड्यावर घेऊन बसली.

"केवढंसं होतं गं ते! बारशाला मी कानात कुर्र केलं, तर माझ्याकडे बघून हसलं."

रखमालाही हसू आलं. खोलीत टांगलेला लुगड्याचा पाळणा, बायकांच्या ओटीतल्या गरम घुगऱ्या, कोपऱ्यात डोळे पुसणारी सासू. सगळं तिला दिसलं.

"आदले तीन गेले होते," ती म्हणाली. "म्हातारी म्हणाली, दगडू म्हण. दगडाक कोण नेता?"

"शाळेत पोरं चिडवायची. रडत यायचा माझ्याकडे."

"रडलो तर रडलो. पोरगो जगलो मां!"

वॉर्डबॉय परत आला. "दगडू कुणी नाही. जखमींत नाही, गेलेल्यांतही नाही."

रखमाने फाटकालाच डोकं टेकलं.

"आचरेकर आहे एक. पण तो दिनकर. सकाळी गेला."

"आमच्या गावचोच असतलो," रखमा बकुळेला म्हणाली. "आचऱ्यासून इलो तो आचरेकर. अर्धो गाव हंयच आसा." चार पावलं चालून ती थांबली. "कोणाचो झील गे तो? त्याच्या आवशीक कळला असात काय?"

वाटभर तिला त्या आईचं वाईट वाटत राहिलं.

घरी येताच तिने देवापुढे दिवा लावला आणि मजल्यावर साखर वाटली. दगडू कुणा मित्राकडे अडकला असणार, असं सगळेच म्हणाले. तिने त्याच्या आवडीची सोलकढी करायला घेतली.

संध्याकाळी दारात दोन तरुण आले. दगडूच्या छापखान्यातले. रखमाने त्यांच्याही हातावर साखर ठेवली.

"बसा रे. येतलोच तो आता."

दोघंही उभेच राहिले. एकाने साखरेची मूठ मिटली.

"काकी," तो म्हणाला, "आमच्याकडे तो दिनकर नाव सांगायचा."