पांढरी पिसं

मिशिगनला लेकीकडे, यामिनीकडे आल्यापासून मालिनीबाईंना बाण बनवण्याचा नादच लागला होता. फुलवाती वळणाऱ्या बोटांनी त्या प्रत्येक बाणाच्या शेपटाला तीन पिसं तिरकी चिकटवायच्या. "तिरकी असली की बाण फिरत सरळ जातो," यामिनीने शिकवलं होतं. त्यांना भगवी पिसं हवी होती, पण यामिनी पांढऱ्यांवरच अडून बसली. लेक तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरणार, असं त्या धरून चालल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनी बाण पाटावर मांडून शस्त्रपूजा केली. कुंकू वाहताना थोडं सांडलं आणि एक पीस लाल झालं. "बघ, पांढरी लगेच मळतात." "मळायलाच हवीत गं. बाण हरणाच्या आरपार गेला की पिसांवरच्या रक्तावरून कळतं, नेम कुठे लागला. शनिवारी शिकारीचा सीझन सुरू होतोय." मालिनीबाईंनी कुंकवाचं तबक बाणांपासून मागे ओढलं. यामिनीने तो बाण उजेडात धरला. "अस्संच दिसतं, आई."