दोन बोटं खाली

“पट्टी वाकडी आहे!” म्हातारा सुतार पलंगावरून ओरडला.

टाके काढायला थोरला मुलगा त्याला दवाखान्यात घेऊन गेला होता. परत आणून निजवलं, तर समोरच्या भिंतीवर कपडे अडकवायची खुंट्यांची पट्टी. चांगली रुंद, सागवानी, त्याच्याच हातची. उजवीकडे अशी उतरलेली की आंधळ्यालाही दिसावी.

“असू दे हो बाबा,” मुलगी म्हणाली. “नाक्यावरच्या माणसाने लावलीय. कपडे काही घसरत नाहीत.”

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्वदी ओलांडली होती त्याने. गावभर दारं-खिडक्या बसवल्या, पण एका चौकटीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि त्याच्याच घरात नाक्यावरचा माणूस!

न्हाणीघरात पाय घसरून त्याचा खुबा मोडला होता. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी मुलाला आणि मुलीला बाहेर बोलावून सांगितलं, “हाड आम्ही जोडलं. त्यांना उभं करणं तुमच्या हातात. या वयात अंथरूण धरलेला माणूस वर्ष काढेलच असं नाही.”

पण म्हातारा जमिनीला पाय लावायला तयार नव्हता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईला त्याने हाकलून दिलं. थोरल्याने हात जोडले, नातवंडांनी लाडीगोडी लावली, मुलगी तर रडून रडून थकली. “माझं झालं आता. पडू द्या मला,” एवढंच तो छताकडे बघत म्हणायचा. वॉकरवर टॉवेल वाळत पडला होता. मग एक दिवस मुलीने विनवण्या करायच्याच सोडून दिल्या.

आता छत राहिलं बाजूला. जेवताना पट्टी, औषध घेताना पट्टी. कूस बदलली तरी ती डोळ्यांपुढून हलेना. शेवटी थोरला हातोडी घेऊन आला, तर बहिणीने ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

“हात लावायचा नाही!”

“अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी जीव खातेस त्यांचा? दगड झालीस अगदी!” थोरला तणतणत निघून गेला.

“कुठल्या गाढवाने ठोकली ही?” म्हातारा गरजला. “बोलव त्याला! आत्ताच्या आत्ता!”

मुलीने वॉकरवरचा टॉवेल भिरकावला आणि वॉकर दाणकन त्याच्यापुढे ठेवला.

“डोळ्यांत खुपतंय ना? मग उठा आणि करा सरळ. मला वेळ नाही.”

पोटची पोर अशी बोलते! म्हाताऱ्याने पांघरूण लाथाडलं. पाय खाली सोडले. वॉकर धरून, दात-ओठ खात तो उठला. खुब्यातून कळ आली तसं डोळ्यांत पाणी आलं. त्याने मुलीला शिव्या घातल्या, डॉक्टरला घातल्या, नाक्यावरच्या माणसाच्या सगळ्या खानदानाला घातल्या, आणि प्रत्येक शिवीगणिक एक पाऊल टाकलं. मुलगी मागून चालत होती, दोन्ही हात पुढे धरून, त्याला स्पर्श न करता.

भिंतीपाशी पोचल्यावर त्याने एका हाताने पट्टी खिळ्यांवरून उचकटली. ती धाडकन खाली पडली.

मागे भिंतीवर पेन्सिलीची रेघ होती. पाणसळ लावून मारलेली, सुतासारखी सरळ. दोन्ही टोकांना बारीक फुली.

म्हाताऱ्याने फुलीवर बोट ठेवलं. खिळ्याच्या जागी अशी फुली तो स्वतः मारायचा. हाताखालच्या कारागिरांना त्याने ती कधी शिकवली नव्हती. शिकली होती फक्त एक पोरगी, शाळेतून आली की भुशात बसून त्याचे हात न्याहाळणारी. डावा खिळा बरोबर फुलीत होता. उजवी फुली कोरी होती, आणि खिळा तिच्या दोन बोटं खाली. ज्या हाताने अशी रेघ मारली, तो चुकून एवढा चुकणार नव्हता.

त्याने मान वळवली. मुलगी तशीच उभी होती. हात अजून पुढेच धरलेले होते आणि डोळे भरून वाहत होते.

“कार्टे,” तो गुरगुरला, “पुढचं वाकडं काम स्वयंपाकघरात कर. आणि रेघ पुसत जा!”