चौथा मीटर

जेवायला ये म्हणून हाका मारून आईचा घसा सुकला, तरी धाकटा काही बॉनेटमधून डोकं वर काढेना. त्याच्या लाडक्या स्पोर्ट्स कारचा ऑइल प्रेशरचा काटा इंजिन चालू असतानाही दोन दिवस तळाला टेकला होता आणि शर्यत उद्यावर आली होती. तेल नीट फिरलं नाही तर धावत्या गाडीचं इंजिन जाम होतं, एवढं शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या आईलाही कळत होतं. पण धाकट्याचं आपलं एकच पालुपद, "इंजिन ठणठणीत आहे गं, मीटरच खोटारडा!" असं म्हणत त्यानं एकामागून एक तीन मीटर काढून फेकले.

आज चौथा बसवला मात्र, काटा थेट मध्यावर! धाकटा गॅरेजभर नाचत सुटला, "बघितलंस आई? काय झकास प्रेशर आहे!"

आईनं काट्याकडे पाहिलं, मग तो जेवायला यावा म्हणून काढून घेतलेल्या, आपल्या मुठीतल्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. इंजिन अजून सुरूच झालं नव्हतं.

"अरे दिवट्या, खरं बोलणाऱ्या तिघांना हाकललंस आणि बंद इंजिनालाही ठणठणीत म्हणणारा हा जवळ केलास, तर उद्या शर्यतीत यालाच पळव, गाडी इथून हलायची नाही!"