मागची खोली

इद्वल बोलायला उभा राहिला, तेवढ्यात दार ढकलून ज्युलियन आत आला. झालं! सगळी सभा वेल्शमधून इंग्रजीत गेली.

कुणाला काही सांगावं लागत नाही. समुद्राकाठचा हा पब गावाने वर्गणी काढून विकत घेतलेला, जमलेली सगळी माणसं मालक, आणि वेल्श न येणारा त्यांत एकटा ज्युलियन. तरी त्याच्यादेखत वेल्श बोलायचं म्हणजे उद्धटपणा. आमच्याकडची रीतच आहे ती. तिच्यापायी आमचं वाटोळं झालं तरी सुटायची नाही.

"या, या. आत्ताच सुरू करत होतो," इद्वलनेच आधी इंग्रजीत म्हटलं.

विषय मागच्या खोलीचा होता. ती खेकडे धरणाऱ्यांची. वादळात होड्या वर ओढल्या की ओल्या बुटांनी तिथे विस्तवापुढे बसायचं, पिंजरे सांधायचे, एकमेकांची उणीदुणी काढायची. ज्युलियनचं म्हणणं, तिथे पाहुण्यांसाठी जेवणाची खोली करावी. होड्या आता दोनच उरल्यात, त्यांतली एक इद्वलची. बायको गेल्यापासून तो घरी फक्त झोपायला जातो, हे सगळ्यांना ठाऊक.

"बोला ना, इद्वलकाका," पब चालवणारी नेरिस म्हणाली.

सभेआधी हाच माणूस नेरिसशी वेल्शमधून काय तडफेने बोलत होता! "अगं, माझा बाप समुद्रातून काढला, तो त्याच खोलीत चोळून चोळून शुद्धीवर आणलाय. तिथे कुणीतरी सूप भुरकणार आणि मी बाहेर पावसात कुडकुडत बघू? माझ्या मढ्यावरून जा म्हणावं!" म्हाताऱ्या एमरिस सुताराने तेव्हा टेबलावर मूठ आपटली होती. "हेच बोल सभेत. आम्ही आहोत तुझ्या मागे."

आता इद्वल टोपी चुरगाळत एकेक इंग्रजी शब्द शोधू लागला.

"खोली... चांगली आहे. गरम. आम्ही बसतो तिथे. माझे वडीलपण... त्यांना तिथे..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बदलू नये, असं मला वाटतं. सॉरी."

बसलासुद्धा.

मग ज्युलियन बोलला. गळकं छप्पर, पोरांना काम, हिवाळ्यातला तोटा. एक शब्द वावगा नाही, कुठे आवाज चढला नाही. ज्युलियनच्या बाजूने हात वर झाले. एमरिसचाही झाला, जरा उशिरा, जमिनीकडे बघत.

सभा उठल्यावर ज्युलियन मुद्दाम इद्वलजवळ आला. "अहो, तुम्ही वेल्शमध्येच बोलायचं होतं! मला कळत नाही, पण ऐकायला फार गोड वाटतं." मनापासून म्हणाला बिचारा, आणि तेच जास्त झोंबलं.

इद्वल त्याच्याकडे वळला. मग वेल्शमधून सुटला, कुठेही न अडखळता. "मेल्या, तुला परकं वाटू नये म्हणून आम्ही आमच्या जिभा गिळल्या. आमच्याच घरात मुके झालो. आणि आता तुला गोड वाटतं? आग लागो तुझ्या त्या गोडीला!"



"काय म्हणाले?" ज्युलियनने हसत विचारलं.

नेरिसने ग्लास पुसता पुसता इंग्रजीत सांगितलं, "तुमचे आभार मानतायत."