मेणाचा क्रूस

मेणाचा क्रूस चर्चच्या चढाला लागला आणि समोरून मालो चालत आला.

ज्याच्यासाठी तो केला होता तोच! उशां बेटावर समुद्रानं माणूस परत दिला नाही, तर प्रेताच्या जागी बोटभर मेणाचा क्रूस मांडतात. त्याच्यापुढं रात्रभर रडतात आणि सकाळी अंत्ययात्रा काढून तो स्मशानातल्या कोनाड्यात ठेवतात. मालोची आगबोट धुक्यात खडकांवर फुटली होती. कुणी वाचलं नाही, अशीच खबर होती.

"मेल्या, अख्खी रात्र रडलो की रे तुझ्यासाठी!" क्रूस धरलेला गुलवेनमामा ओरडला. बायका किंचाळत मागं सरल्या. बार्बा, मालोची आई, तेवढी पुढं धावली. तिनं त्याचे गाल, कान, ओले केस चाचपले आणि मटकन खालीच बसली. त्याला कोळ्यांच्या होडीनं उचललं होतं.

"देव पावला!" मामा म्हणाला. "हे काय, मेणच. वितळवून टाकू."

बायकांत एकच गलका झाला. रडून जागवलेला क्रूस घरी परत नेला, तर तो क्रूस घरातलं माणूस मरणाकडे ओढून नेतो. कोनाड्यात मेलेल्याच्या नावाशिवाय ठेवला तरी तेच. आणि ओढायचा तर मालोलाच! बार्बाचं तोंड पांढरंफटक पडलं.

"बोट फुटली तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं रे?" तिनं विचारलं.

"कासम. हिंदुस्थानातला. भट्टीत कोळसा टाकायला माझ्या जोडीला असायचा. त्यानं मला शिडीवर ढकललं, आई. वर येऊन वळलो, तर खाली नुसतं पाणी."

"मग हा क्रूस कासमचा. चल गुलवेनदादा, उचल पाय."

"बार्बा, तो आपल्या धर्माचा नव्हता गं," फादर हळूच म्हणाले.

"समुद्रानं काय धर्म विचारून बुडवलं?"

फादर वळून पुन्हा चढ चढू लागले. मालो स्वतःच्याच अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागून चालत होता. चर्चच्या दारात फादर थांबले.

"प्रार्थनेत आईबापाचं नाव घ्यावं लागतं. कुणाचा मुलगा म्हणू?"

सगळ्यांनी मालोकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं.

"माझा म्हणा," बार्बा म्हणाली, आणि रात्रभर रडून बसलेल्या घशानं तिनं पुन्हा हंबरडा फोडला.